नोंद आणि आठवण

लेखणी एकच असली, तरी तिला दोन प्रकारची कामे करावी लागतात. ग्रामपंचायतीला अर्ज लिहिताना विषय, मागणी आणि सही एवढे पुरते. वाचणाऱ्याने एकच अर्थ घ्यावा व काम करून द्यावे, हीच त्याची कसोटी. साहित्यात मात्र लिहिणाऱ्याचे मन उतरावे लागते.

येशूसंघीय फादर थॉमस स्टीफन्स यांच्या ठायी ही दोन्ही अंगे दिसतात. १५७९ साली लिस्बनहून निघून गोव्यास पोहोचल्यावर त्यांनी वडिलांना पत्र लिहिले. त्यात वारे, पक्षी, मासे आणि प्रवासातील आजार यांची चोख माहिती आहे. पुढे त्यांनी कोकणीचे व्याकरण सिद्ध केले. ते त्यांच्या निधनानंतर, १६४० साली छापले गेले. १६१६ साली मुद्रित झालेले 'ख्रिस्तपुराण' मात्र त्यांनी मराठी ओव्यांत रचले. व्याकरण नियम सांगून थांबते. ओवी भाविकाच्या ओठी राहते.

हा भेद आम्हांला ग्रंथांपेक्षा आमच्या चर्चच्या नोंदवहीने अधिक शिकवला. आमच्या आईचे पहिले अपत्य अल्पायुषी ठरले. बाप्तिस्म्याच्या नोंदवहीत त्या मुलीचे नाव, जन्मतारीख, मातापित्यांची व धर्ममातापित्यांची नावे, फादरांची सही; आणि मृत्यूच्या नोंदवहीत अकरा दिवसांनंतरची तारीख. एकही शब्द अधिक नाही. प्रथम वाचताना मन खट्टू झाले. विचारान्ती वाटले, नोंदवहीने असेच असावयास हवे. मूल बागायतदाराचे असो वा मजुराचे, रकाने तेच. त्या कोरडेपणामुळेच इतक्या वर्षांनी आमच्या बहिणीचे नाव आम्हांला अचूक सापडले.

परंतु त्या अकरा दिवसांचे पुढे काय झाले, ते नोंदवहीला ठाऊक नाही. आईने बाप्तिस्म्याचे पांढरे झबले ट्रंकेच्या तळाशी जपून ठेवले होते. दरवर्षी नाताळापूर्वी ती ते धुऊन सावलीत वाळत घाली आणि घडी करून पुन्हा ठेवून देई. तिला लिहिता येत नव्हते. हे तिचे लेखन असावे. आता आई नाही. झबल्यासाठी नोंदवहीत रकाना नाही, नसावाही. म्हणून ते आम्ही येथे लिहून ठेवीत आहोत.

वाचकहो, आपल्या घरातील दाखले जपून ठेवाच. त्यासोबत वडीलधाऱ्यांजवळ थोडे बसा, दाखल्यात न मावलेले त्यांना विचारा आणि त्यांच्या हयातीतच ते वहीत उतरवून घ्या.