राबातली राखीव रोपे

वरंधला आमच्या घरी लावणी संपली तरी अम्मी राबाच्या कोपऱ्यात थोडी रोपे राखून ठेवते. खाचरात एखादे रोप कुजले, खेकड्याने कुरतडले, की त्यातूनच नांगे भरायचे. धाकट्या भावाचे दुखणे मला समजले ते याच रोपांमुळे.

तो 19 वर्षांचा होता. हिरड्यांतून रक्त यायचे, अंगावर निळे डाग उठायचे, चार पायऱ्या चढला तरी धाप लागायची. मुंबईत निदान झाले, अप्लास्टिक अ‍ॅनिमिया. डॉक्टरांनी समजावून सांगितले. आपले शरीर एकाच पेशीपासून वाढते. जवळजवळ प्रत्येक पेशीत सूचना त्याच असतात. पण स्नायूची पेशी त्यातल्या काही वाचते, मेंदूची पेशी दुसऱ्या. एकदा कामाला लागलेली पेशी सहसा मागे फिरत नाही. तांबडी पेशी तर सुमारे 120 दिवसांत संपते. तिची जागा भरतात बोन मॅरोतल्या मूळ पेशी. त्या स्वतःसारख्या पेशी राखतात आणि तांबड्या, पांढऱ्या पेशी व प्लेटलेटही घडवतात. भावाचा तो राबच रिकामा झाला होता.

उपाय होता सख्ख्या भावंडाचा मॅरो. प्रत्येक भावंड पूर्ण जुळण्याची शक्यता चारात एक. आम्हा तिघी बहिणींत मी जुळले. महाडला सासरी मात्र कुजबुज सुरू झाली, "पाठीच्या कण्यातून काढतात, अधू होशील." सासूबाई जेवेनात. शेवटी त्यांनाच डॉक्टरांकडे नेले. मॅरो कमरेच्या हाडातून, भूल देऊन, सुईने काढतात; कण्याला हात लागत नाही आणि काही आठवड्यांत तो भरून येतो, हे त्यांनी स्वतः ऐकले. 1983 साली मुंबईच्या टाटा हॉस्पिटलात डॉ. सुरेश अडवाणी यांनी एका लहान मुलीला तिच्या भावाचा मॅरो दिला होता, हेही कळले. बाहेर येऊन म्हणाल्या, "जा. भाऊ आहे तुझा."

माझी कमर आठवडाभर दुखली, इतकेच. त्याला तो रक्तासारखाच शिरेतून चढवला. पेशी आपली जागा आपणच शोधतात. मग वाट पाहणे आणि दुआ. तिसऱ्या आठवड्यात पांढऱ्या पेशी वाढू लागल्या.

हल्ली गुडघ्यापासून मधुमेहापर्यंत सारे मूळ पेशींनी बरे करण्याच्या जाहिराती दिसतात. पैसे भरण्याआधी मोठ्या सरकारी रुग्णालयात विचारा. मॅरोतल्या या पेशींचे काम रक्त घडवण्याचे.

भावाचा रक्तगट बी होता, आता माझा ओ आहे. चेहरा आणि हट्टीपणा मात्र त्याचाच. यंदा लावणीला तो चिखलात उतरला, तेव्हा अम्मीने बांधावरून नुसते बघितले, काही बोलली नाही.