पावती घेतलीत का?

कोथिंबिरीच्या जुडीसाठी आपण दोन-पाच रुपयांची घासाघीस करतो. भेंडीचं टोक मोडून बघतो, नारळ कानाशी धरून हलवतो. पण पाव किलो पनीर घेताना ते कुणी बनवलं, कुठे बनलं हे किती जणी विचारतात? औषधाच्या दुकानात तर आपण तोंडच उघडत नाही. दुकानदार कागदी पिशवीत गोळ्या घालून देतो, आपण पैसे देतो आणि घराकडे वळतो. बिल? "राहू द्या हो, काय करायचंय!" असं आपणच म्हणतो. मैत्रिणींनो, या राहू दिलेल्या बिलाबद्दलच आज तुमच्याशी बोलायचं आहे.

आमचं भुकूम पौड रस्त्यावर, भूगावच्या पुढे आणि पिरंगुटच्या अलीकडे. सासूबाई सांगतात, त्या लग्न होऊन इथे आल्या तेव्हा दूध घरच्या नाहीतर शेजारच्या गोठ्यातलं असे आणि तांदूळ मुळशीचाच. दुधात पाणी जास्त पडलं, तर गवळ्याला दारातच चार शब्द सुनावता येत, कारण तो नावागावानिशी ओळखीचा. आता रस्त्याच्या दोन्ही अंगांना इमारती उठल्या. दूध पिशवीतून येतं, तिखट पाकिटातून येतं, पनीर कुठून येतं देव जाणे! ज्याच्या हातचं खातो त्याचं तोंडही आपण पाहिलेलं नसतं. मग भांडायचं कुणाशी?

दुपारच्या शाळेत मी नागरिकशास्त्र शिकवते. तिथे एका मुलीनं हेच विचारलं, "बाई, भेसळ करणाऱ्याला पकडतं कोण? पोलीस की ग्रामपंचायत?" मुलं हसली, पण प्रश्न हसण्यासारखा मुळीच नव्हता. दिवाळीच्या तोंडावर 'खवा जप्त' अशा बातम्या आपण वाचतो. त्यात ज्याचं नाव असतं, ते अन्न व औषध प्रशासन हे खातं या कामासाठी आहे. ते आहे कसं, हे आपल्यापैकी फार थोड्या जणींना ठाऊक असतं.

आधी दिल्लीचं पाहू. तिथे अन्न आणि औषध यांच्या चुली वेगळ्या आहेत. अन्नाचं पाहतं भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरण. पूर्वी भेसळ प्रतिबंधाचा 1954 चा कायदा होता. त्याच्या जागी 2006 चा नवा कायदा आला आणि तो 5 ऑगस्ट 2011 पासून लागू झाला. तुपात काय असावं, रंग कोणता आणि किती चालेल, पाकिटावर काय छापायचं, हे सगळं हे प्राधिकरण ठरवतं. औषधांसाठी 1940 चा कायदा आहे आणि केंद्रातली वेगळी संस्था आहे. तिच्या प्रमुखाला औषध महानियंत्रक म्हणतात. नवीन औषधाला परवानगी द्यायची ती तिथूनच. आपल्या हडपसरच्या कारखान्यातल्या करोनाच्या लशीला जानेवारी 2021 मध्ये परवानगी मिळाली, ती याच महानियंत्रकांकडून.

राज्यात मात्र अन्न आणि औषध एकाच छपराखाली नांदतात. अन्न व औषध प्रशासनाचे आयुक्त मुंबईला बसतात. त्यांच्या हाताखाली विभागाविभागाचे सहआयुक्त, मग सहायक आयुक्त. प्रत्यक्ष दुकानात पाऊल टाकतात ते अन्नासाठी अन्न सुरक्षा अधिकारी आणि औषधांसाठी औषध निरीक्षक. आम्हां मुळशीकरांसाठी हे कार्यालय पुण्यात. थोडक्यात काय, दिल्ली म्हणजे पाककृतीचं पुस्तक आणि राज्य म्हणजे चुलीपुढे उभी राहिलेली बाई. पुस्तक कितीही छान असलं, तरी पोळी करपते की फुगते हे चुलीपाशीच ठरायचं!

आता पाकिटावरचा चौदा आकडी क्रमांक घ्या. तो त्या व्यावसायिकाचा परवाना किंवा नोंदणी. अगदी मोठ्या उद्योगांना केंद्राचा परवाना लागतो, मधल्यांना राज्याचा, आणि छोट्यांना साधी नोंदणी. आमच्या भिशीतल्या एक वहिनी घरून चकलीची भाजणी विकतात, त्यांनीही ही नोंदणी केली आहे. मला तर वाटतं, पूर्वी गवळ्याचं नाव जे काम करी, तेच आता हा क्रमांक करतो. नाव माहीत नसलेल्या माणसाला गाठायचा तोच एक धागा.

पण धागा हातात धरायला हवा ना! मागच्या वर्षी आमच्या ओळखीच्या एका घरी बारशाच्या जेवणातलं पनीर बाधलं. सात-आठ जणांना उलट्या झाल्या. यजमानीणबाई संतापल्या आणि त्यांनी कार्यालयात फोन लावला. तिकडच्या अधिकाऱ्यांनी शांतपणे विचारलं, "ताई, बिल आहे का? पनीर सुटं की पाकीटबंद? थोडं शिल्लक आहे का?" बिल घेतलंच नव्हतं. पनीर सुटं होतं. उरलेली भाजी रागाच्या भरात टाकून दिली होती. दुकानदार म्हणाला, "आमच्याकडून नेलं कशावरून?" झालं! अधिकारी दुकानात जाऊन आले, पण तो माल केव्हाच संपला होता.

या खात्याचं सगळं काम पुराव्यावर चालतं, म्हणून हे सांगते. अधिकारी नमुना घेतो तेव्हा त्याची किंमत मोजतो. नमुन्याचे चार भाग करून सील लावतो. एक भाग अन्न विश्लेषकाकडे जातो आणि त्यानं चौदा दिवसांत अहवाल द्यायचा असतो. अहवाल मान्य नसेल तर दुकानदाराला तीस दिवसांत दाद मागता येते, त्यासाठीच बाकीचे भाग जपलेले असतात. माल नुसता कमी दर्जाचा ठरला, म्हणजे दुधात पाणी वगैरे, तर दंड होतो. जिवाला अपायकारक ठरला तर खटला उभा राहतो. असं अन्न खाऊन माणूस दगावलं, तर कमीत कमी सात वर्षं आणि जास्तीत जास्त जन्मठेप.

आणि हे ठाऊक आहे का तुम्हांला? हा नमुना तपासून घ्यायचा हक्क आपल्यालाही आहे. घेतानाच दुकानदाराला तसं सांगायचं आणि ठरलेली फी भरून माल अन्न विश्लेषकाकडे द्यायचा. वस्तू खोटी निघाली तर फी परत मिळते.

अन्नाचं एक वेळ आपल्याला नाकानं, जिभेनं कळतं. औषधाचं काय करणार? 1986 साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात ग्लिसरीन दिल्यावर चौदा रुग्ण दगावले. त्या ग्लिसरीनमध्ये डायएथिलिन ग्लायकॉल हे कारखान्यात वापरायचं विष होतं. दिसायला तसंच, चवीला गोड, आणि स्वस्त. न्यायमूर्ती बख्तावर लेंटिन यांनी चौकशी केली. त्यांच्या 1987 च्या अहवालानं रुग्णालयाच्या खरेदीवर आणि अन्न व औषध प्रशासनावरही कडक ताशेरे ओढले. राखणदारच डुलक्या घेतो तेव्हा काय होतं, ते महाराष्ट्रानं तेव्हा पाहिलं.

हेच विष 1937 साली अमेरिकेत एका औषधात मिसळलं गेलं होतं आणि शंभरावर माणसं गेली होती. त्यानंतर तिथे 1938 चा कडक कायदा झाला. इतकं होऊनही 2025 साली मध्य प्रदेशात, छिंदवाड्याकडे, खोकल्याच्या औषधानं वीसहून जास्त लेकरं गेली. त्यातली कित्येक उपचारांसाठी आपल्या नागपूरला आणली होती. त्या 'कोल्ड्रिफ' औषधात हे विष 48.6 टक्के निघालं; चालतं फक्त 0.1 टक्का! औषध बनलं तामिळनाडूत, परवाना तिथल्या राज्याचा, मुलं गेली मध्य प्रदेशातली. एका राज्याची ढिलाई दुसऱ्या राज्यातल्या आईच्या पदरात पडते, ती अशी. तेव्हा आपल्या अन्न व औषध प्रशासनानंही लोकांना सावध केलं, ते कसं? 'एसआर-13' हा बॅच नंबर जाहीर करून. आता सांगा, औषध बाटलीतून वाटीत ओतून घेतलं असेल, खोकं फेकलं असेल, बिल घेतलंच नसेल, तर आपल्या घरातली बाटली त्या बॅचची आहे की नाही हे कळणार कसं?

तुम्ही म्हणाल, एवढं मोठं खातं असताना हा जाच आम्हां बायकांना कशाला? खात्यानं आपलं काम करायलाच हवं, त्यात सूट नाही. पण दुकानं हजारो आणि अधिकारी मोजके. ते प्रत्येक दारात उभे राहू शकत नाहीत. आपण मात्र रोज कुठल्या ना कुठल्या दुकानाच्या दारात उभ्या असतोच.

म्हणून एवढं करा. औषधाचं बिल हट्टानं मागून घ्या आणि त्यावरचा बॅच नंबर बाटलीवरच्या नंबराशी ताडून पाहा. औषध संपेपर्यंत खोकं टाकू नका. पनीर, खवा, मिठाई यांचीही पावती घ्या. काही बाधलं तर आधी डॉक्टर गाठा, पण उरलेला पदार्थ झाकून फ्रीजमध्ये ठेवा, फेकू नका. मग 1800-222-365 या प्रशासनाच्या क्रमांकावर फोन करा. त्याला पैसे पडत नाहीत. वजनात मारलं असेल, तर मात्र ती तक्रार वैधमापनशास्त्र विभागाकडे करायची.

मी बिस्किटांचा एक रिकामा डबा यासाठी फडताळात ठेवला आहे. महिनाअखेरीला हिशेब लिहिताना जुन्या पावत्या काढून टाकते, चालू औषधांच्या ठेवते. सासूबाई आधी हसल्या. परवा मात्र त्यांनी आपल्या रक्तदाबाच्या गोळ्यांचं बिल स्वतःहून माझ्या हातात दिलं आणि म्हणाल्या, "हे घे गं, तुझ्या डब्यात टाक."