मीठ नव्हे, लिंबू

डाग पडलेली, विटलेली वस्तू रंगवून वापरणाऱ्यांना मी मनातल्या मनात चिकू म्हणत आलो. गेल्या वर्षीपर्यंत.

याचं मूळ सांगलीतल्या आमच्या स्वयंपाकघरात आहे. शाळेची निळी अर्धी चड्डी विटली की आई अॅल्युमिनियमच्या जुन्या पातेल्यात पाणी उकळायची. रंगाची पुडी सोडायची, मूठभर मीठ टाकायची आणि फुटक्या लाटण्याने चड्डी ढवळत बसायची. सहावीत असताना पहिल्याच पावसात त्या चड्डीचा रंग सुटला आणि निळा ओघळ पांढऱ्या मोज्यापर्यंत पोचला. वर्गात पुढचे दोन महिने माझं नाव ‘निळू’ होतं. त्या दिवशी ठरवलं, मोठेपणी रंगवलेलं काही वापरायचं नाही.

मोठेपणी अमेरिकेत आलो. एडिसन गावातल्या आमच्या घरात या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत बिस्किटी रंगाचं कार्पेट आहे. गेल्या संक्रांतीला बायकोने हळदीकुंकू केलं आणि कुणाच्या तरी लेकराचा पाय तबकाला लागला. हळद सांगलीचीच, आईने पाठवलेली. ज्या गावाने जमिनीत पेवं खणून हळद साठवली, त्या गावच्या माणसाला तिची जात ठाऊक असायला हवी. पण मी कोरडी पूड झाडून घ्यायची सोडून साबणाचं पाणी घेऊन धावलो. पिवळा डाग डोळ्यांदेखत लाल झाला. हळदीत चुना किंवा पापडखार घातला की कुंकू होतं, हे लहानपणापासून पाहिलेलं. साबणाचं पाणीही त्याच जातीचं, एवढं साधं तेव्हा सुचलं नाही. मग घाबरून ब्लीच ओतलं. हळद गेली, कुंकू गेलं, कार्पेटचा रंगही गेला. दिवाणखान्याच्या मधोमध भाकरीच्या तव्याएवढा पांढरा वाटोळा डाग, कडेने नारिंगी झाक.

कार्पेटवाला आला आणि म्हणाला, तुकडा जुळणार नाही, सगळी खोली बदलावी लागेल. खरं सांगतो, मला आनंदच झाला. नवं घ्यायला सबळ कारण मिळालं होतं. बायको म्हणाली, “अरे, तेवढाच भाग रंगवून बघ ना.” मी म्हणालो, “म्हातारपणी कलप लावण्यातला प्रकार आहे तो.” ती स्वतः दर महिन्याला कलप लावते, हे वाक्य तोंडातून गेल्यावर आठवलं. त्या रात्री माझं पान मीच वाढून घेतलं.

रविवारी आईचा फोन आला तेव्हा ही हकिकत मी गंमत म्हणून सांगितली. ती हसली नाही.

“तुझं ते जाजम कशाचं आहे?”

“नायलॉनचं असेल.”

“असेल म्हणजे? अरे, आधी धागा बघतात. सुताला मीठ लागतं, रेशमाला न् लोकरीला आंबट. माझा मोतिया शालू लिंबू पिळून रंगवला होता.”

“आणि माझी चड्डी?”

“ती भेसळीची होती. रंग धरेना. पैसे नव्हते नवी घ्यायला, म्हणून केला खटाटोप.”

चाळीस वर्षं मी जिला आईची हौस समजत होतो, ती तिची नाइलाजाने केलेली, चुकणार हे माहीत असलेली खटपट होती. फोन ठेवल्यावर मी बराच वेळ त्या पांढऱ्या डागाजवळ बसून राहिलो.

मग कपाटातल्या कोपऱ्यातून कार्पेटचे चार धागे कातरले. पेल्यात टाकले तर बुडाले. म्हणजे पॉलिप्रॉपिलीन नव्हे, ते पाण्यावर तरंगतं. दुसऱ्या पेल्यात गरम पाणी, चमचाभर व्हिनेगर आणि लोकरीच्या रंगाची चिमूट. दहा मिनिटांत धाग्यांनी रंग ओढून घेतला आणि पाणी फिकं पडलं. पॉलिएस्टर असतं तर धागे जवळजवळ कोरेच राहिले असते. म्हणजे नायलॉनच. नायलॉनचे मोजे 1940 मध्ये अमेरिकेत विकायला आले ते रेशमी मोज्यांना पर्याय म्हणून. रसायनाच्या अंगानेही नायलॉन रेशमाचं भावंडच: आम्लात दोघांच्याही धाग्यावर धनभार येतो आणि ऋणभाराचा रंग तिथे चिकटून बसतो. आई याला ‘आंबट लागतं’ म्हणते.

सगळ्यात जपायचं ते उरलेल्या ब्लीचपासून. त्यावर थेट व्हिनेगर पडलं तर क्लोरीन वायू सुटतो, शिवाय नवा रंगही ब्लीच खाऊन टाकतं. मामांच्या फोटो स्टुडिओत हायपो असायचा, तोच इथे ब्लीच मारायला कामी येतो. त्याच्या पाण्याने जागा दोनदा भिजवली, टिपली, नुसत्या पाण्याने पुन्हा धुतली.

रंग लावणं हे धीराचं काम निघालं. मला वाटलं होतं, बिस्किटी रंगाची पुडी आणायची न् फासायची. पण बिस्किटी रंग पिवळा, तांबडा, निळा मिळून झालेला असतो, आणि ब्लीच सहसा आधी निळा खातं, मग तांबडा, पिवळा शेवटी. म्हणून कडेची नारिंगी झाक. तिथे फक्त निळ्याचा हलका हात पुरला. मधल्या पांढऱ्या भागात तिन्ही लागले. गडद करणं सोपं, फिकं करणं जवळजवळ अशक्य, म्हणून ताकाइतका पातळ रंग फवारायचा, दातांच्या जुन्या ब्रशने मुळापर्यंत चोळायचा, जुन्या पंच्याने टिपायचा, वाळू द्यायचा, आणि दुसऱ्या दिवशी उजेडात पाहून पुन्हा. पाच दिवस गेले. चौथ्या दिवशी निळा जास्त झाला आणि डागाला शेवाळी छटा आली. तांबड्याने ती बरीचशी मारली, सगळी नाही.

नव्याने बाटलेल्या माणसाचा उत्साह मलाही आला. एका मित्राच्या तळघरातलं डागाळलेलं कार्पेट रंगवायला मी हट्टाने गेलो. पेल्यातली परीक्षा न करता. ते पॉलिएस्टर होतं. सगळा रंग पुसण्याच्या फडक्यांवर आला आणि माझ्या दहा बोटांवर आठवडाभर राहिला. मित्राने शेवटी नवं कार्पेट घातलं आणि त्याचं काही चुकलं नाही.

आमचा डाग रात्री दिव्यात दिसत नाही. दुपारी चारला पश्चिमेच्या खिडकीतून ऊन आलं की तव्याएवढी जागा किंचित हिरवट होते. पाहुणे येणार असले की मी तिथे खुर्ची सरकवतो, अजून सरकवतो. ते गेले की खुर्ची परत भिंतीशी. परवा व्हिडिओ कॉलवर आईला ती जागा दाखवली. तिने चष्मा लावला, फोन डोळ्यांजवळ नेला आणि म्हणाली, “निळा जरा जास्त झालाय.”