काठी, सांखळी आणि शीग

भोर-वेल्ह्याकडील मुलांस क्षेत्रमिति व घनमिति शिकवितांना आम्हांस उदाहरणांची वाण कधीं पडत नाहीं. पुष्कळ घरांत शेताचें टिपण किंवा जुनी पायली सांपडतेच.

शिवकालांत जमीन काठीनें मोजीत. सभासदाच्या बखरींत त्या काठीची लांबी पांच हात पांच मुठी, म्हणजे ८२ तसू, दिली आहे. वीस काठ्या लांब व वीस काठ्या रुंद तो बिघा. १२० बिघ्यांचा चावर. हात कोणाचा, असा वाद निघूं नये म्हणून तसूंचा आंकडा बांधून दिला, हें आम्हांस फार महत्त्वाचें वाटतें.

धान्याचें माप कांठाबरोबर पुसून घ्यावें कीं शीग लावून, हाही जुना वाद. शीग म्हणजे शंकूच. धान्याच्या राशीचा उतार तोच राहतो. म्हणून मापाचें तोंड दुप्पट रुंद केलें तर शीग आठपट भरते. शीग लावून घेणारा पसरट माप कां निवडील, हें मुलांनीं घरीं वडिलांस जरूर समजावून द्यावें!

१६२० च्या सुमारास एडमंड गुंटर या इंग्रज धर्मोपदेशकानें ६६ फुटांची सांखळी प्रचारांत आणिली. तो लंडनच्या ग्रेशम कॉलेजांत ज्योतिषाचा अध्यापक होता. तिच्या दहा चौरस सांखळ्यांचा एक एकर. आमच्याकडील मोजणीची सांखळी तिच्या निम्मी, ३३ फुटांची होती, आणि तिचे भाग रुपयाप्रमाणें सोळा आणे! तिचा चौरस १०८९ चौरस फूट, तोच गुंठा. बाजू निम्मी झाली कीं एका चौरसाचे चार होतात. म्हणून एकराचे गुंठे चाळीस.

वेल्ह्याच्या उतारावर मात्र निराळीच अडचण येते. आमच्या एका विद्यार्थ्याच्या घरीं वाटणीचा तंटा पडला. धाकट्या काकांचा डोंगराकडील वाटा दोरीनें मोजतां टिपणापेक्षां अधिक भरला, आणि दोघां भावांचें बोलणें बंद झालें. दोरी जमिनीस टेकवून धरिली होती. आम्हीं त्या मुलाकडून काटकोन त्रिकोण काढविला: उतार ३० अंशांचा असेल, तर उतारावरील ३३ फूट आडवे मोजतां सुमारें २८॥ फूटच भरतात. मोजणीदार सांखळी समपातळींत ताणून टोंकाशीं ओळंबा सोडीत, तें याचसाठीं. आजचीं यंत्रें किरणांनीं मोजतात, तरी नकाशांत उतरतें तें आडवेंच अंतर.

थोरले भाऊ त्या कागदाकडे बराच वेळ पाहत राहिले. मग मुलास म्हणाले, "काकास हांक मार. दोरी पुन्हां धरूं."