शून्य आणि गैरहजर

गेले दोन-तीन महिने मी जावास्क्रिप्ट शिकतेय. नाशिकच्या वन्संना फोनवर सांगितलं तर त्या म्हणाल्या, "अगं, या वयात गुडघे सांभाळ." गुडघ्यांचा काही संबंध नाही, हे खुर्चीत बसूनच करायचं असतं! नात इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे, ती शिकवते. मी नोकरीभर मराठी शिकवलं, आणि गणिताच्या शिक्षकांची कायम वानवा असायची म्हणून पाचवी-सहावीचं गणितही. बीए मराठी माध्यमातलं, त्यामुळे इंग्रजी शब्दांशी जरा झटापट होणार हे धरून चालले होते. पण चिन्हांचं काय? अधिक, उणे, बरोबर, यात नवीन ते काय असणार?

तर मंडळी, नवीन आहे.

पहिल्याच दिवशी नातीने '५' + ३ असं लिहून दाखवलं. उत्तर आलं ५३. अवतरणचिन्हातला पाच हा आकडा नाही, अक्षर आहे, आणि शेजारी अक्षर दिसलं की अधिकचं चिन्ह बेरीज सोडून जोडकाम करतं. ती माझ्या तोंडाकडे बघत होती, पण मला काही धक्का बसला नाही. मी फळ्यावर तीस वर्षं दोन प्रकारचं अधिक लिहिलंय. गणिताच्या तासाला ५ + ३ = ८, आणि पुढच्याच तासाला विद्या + आलय = विद्यालय. बाई, हे तेच चिन्ह का, असं एकाही मुलाने कधी विचारलं नाही. तास बदलला की अर्थ बदलतो हे त्यांना न सांगता कळायचं. यंत्राला तास नसतात, ते नुसतं शेजारी कोण बसलंय ते बघतं. गंमत म्हणजे '५' - ३ केलं तर उत्तर सरळ २ येतं. शब्दातून शब्द वजा करायची सोयच नाही, म्हणून ते बिचारं अक्षराचा आकडा करून घेतं.

आकडे मी इथे आपल्या सवयीने देवनागरीत लिहितेय. यंत्रात इंग्रजीच टाकावे लागतात. देवनागरी '५' मधून तीन वजा कर म्हटलं तर उत्तर येतं 'नॅन', म्हणजे हा आकडाच नव्हे. बेरीज सांगितली तर मात्र तक्रार न करता देवनागरी पाचाशेजारी इंग्रजी तीन चिकटवून मोकळं! आणि चलाचं नाव 'गुण' असं मराठीत ठेवलं तर तेही बिनबोभाट चालतं. अक्षरं चालतात, आकडे चालत नाहीत. हे काही मला आवडलेलं नाही.

'बरोबर'चं प्रकरण याहून मोठं. रॉबर्ट रेकॉर्ड या वेल्श माणसाने १५५७ साली दोन समांतर रेघा ओढल्या, कारण त्यांच्याइतक्या समान दोन गोष्टी त्याला दुसऱ्या सापडेनात. जावास्क्रिप्टमध्ये या रेघांच्या तीन जाती. एकटं = म्हणजे आपलं 'समजा क्ष = ५'. ते विचारत नाही, ठरवून टाकतं. दोन लागोपाठ == म्हणजे 'सारखे आहेत का?', पण सैलसर, गरज पडली तर अक्षराचा आकडा करून. तीन === म्हणजे जातीसकट सारखे आहेत का. ब्रेंडन आइकने नेटस्केप कंपनीत १९९५ साली या भाषेचा पहिला आराखडा दहा दिवसांत उभा केला, आणि तीन रेघांचं चिन्ह प्रमाणात आलं १९९९ला. मधल्या काळात सैलपणावरच भागवलं म्हणायचं. सैलपणा किती, तर शून्य आणि '०' सारखे. शून्य आणि रिकामं अवतरण तेही सारखे. पण '०' आणि रिकामं अवतरण एकमेकांशी सारखे नाहीत! भूमितीत असं लिहिणाऱ्याला मी बाकावर उभं केलं असतं.

कंचेभागुबेव मात्र इथेही उपयोगी पडतं, एक 'चे' सोडून. तेही आंधळेपणाने नाही. १० - ३ + २ मध्ये 'बे' आधी आणि 'व' नंतर असं शब्दशः धरलं तर ५ येतील. खरं उत्तर ९, डावीकडून उजवीकडे. यंत्रही ९च देतं. असो.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते. आमच्या भागातल्या एका शिकवणीच्या क्लासमध्ये चाचणीचे गुण पालकांच्या फोनवर जातात. सहावीतल्या एका मुलाला अपूर्णांकांच्या चाचणीत २० पैकी शून्य मिळालं. घरी निरोप गेला, 'गैरहजर'. वडील रिक्षा चालवतात. त्यांना वाटलं पोरगं क्लासच्या नावाखाली रंकाळ्यावर हिंडतंय. मुलगा शपथा घेत होता, तरी दोन थपडा बसल्याच. मग तो खरोखरच क्लासला जाईना.

क्लासवाल्यांनी नातीला बोलावलं. चूक सापडली दोन उभ्या रेघांत. गुण || 'गैरहजर' असं लिहिलं होतं. || म्हणजे 'किंवा'. डावीकडे काही असेल तर ते घे, नसेल तर उजवीकडचं. पण 'काही नसणं' यात हे चिन्ह शून्यालाही धरतं. कोरा रकाना आणि शून्य त्याला एकच. म्हणून २०२० साली भाषेत ?? हे वेगळं चिन्ह आलं. ते फक्त खरोखर कोऱ्या रकान्यालाच कोरं म्हणतं आणि शून्याला हात लावत नाही. नातीने दोन रेघा खोडून दोन प्रश्नचिन्हं घातली. काम संपलं.

माझं मन काही लवकर हलेना. हे आपलं कोल्हापूर. इथे १९१७ साली शाहू महाराजांनी प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं, आणि मूल शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिन्याला एक रुपया दंड ठेवला. दंड गैरहजेरीला होता, शून्याला कधीच नव्हता. शून्य मिळवलेलं मूल तीन तास बाकावर बसलेलं असतं, घाम पुसत, पेन्सिल चावत. हजेरीपटावर आणि गुणपत्रकावर आम्ही या दोन गोष्टी कधी एका शाईत मिसळल्या नाहीत.

दुरुस्त झालेला निरोप बघून वडील क्लासवर आले. नात तिथेच होती. फोन पुढे धरून त्यांनी एवढंच विचारलं, "म्हंजे पोरगं बसलं हुतं न्हवं?" हो म्हटल्यावर काही न बोलता निघून गेले. संध्याकाळी मुलाला घेऊन आमच्या दारात हजर, नातीने घर सांगितलं होतं.

आता रविवारी सकाळी तो वही घेऊन येतो. छेद समान करणं जमायला लागलंय. वजाबाकीत अजून अंशातून अंश आणि छेदातून छेद काढतो.