मोडलेल्या पथ्याची भूक

करकंब हे पंढरपूर तालुक्यातलं गाव; इथे उपवास म्हणजे काय हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. एकादशीला भाकरी नाही की भात नाही, थेट द्वादशीला पारणं. हीच माणसं वजन उतरवायला डाएट धरतात आणि थोड्याच दिवसांत हात टेकतात. मग घरातून ठपका येतो, ‘तोंडावर ताबा नाही.’ मला हा ठपका अन्यायाचा वाटतो. ताबा नसता तर एकादशी तरी कशी निभली असती? पण एकादशी एका दिवसाची, नियम स्वच्छ, आणि घरातली चूलही त्याच नियमाने चालते. डाएटमध्ये रोज, ताटागणिक नव्याने ठरवावं लागतं, तेही बाकीचे जेवत असताना.

खरा घात पथ्य मोडल्यावर होतो. 1975 मध्ये हर्मन आणि मॅक यांनी विद्यार्थिनींना आधी मिल्कशेक पाजलं आणि मग आइस्क्रीम पुढे ठेवलं. एरवी मोकळेपणी खाणाऱ्यांनी ते कमी खाल्लं. खाण्यावर सतत लगाम ठेवणाऱ्यांनी उलट जास्त खाल्लं. 2011 मध्ये अमेरिकेतल्या डार्टमथ कॉलेजच्या संशोधकांना याची खूण मेंदूत सापडली. डाएट करणाऱ्या स्त्रिया मिल्कशेक प्यायल्यावर चमचमीत पदार्थांची चित्रं पाहताना त्यांच्या मेंदूतला सुखाच्या ओढीचा भाग जास्त चेतला. पोटात भर पडली होती, तरी ओढ वाढली.

यावर कुणी म्हणेल, ‘एकादशी आणि दुप्पट खाशी’ ही म्हण काय उगाच पडली? खरं आहे. साबुदाणा, शेंगदाणे, तळलेल्या पापड्या यांनी वजन उतरत नाही, आणि एकादशी त्यासाठी नसतेही. माझा मुद्दा नियमाच्या घडणीचा आहे. डॉ. जगन्नाथ दीक्षितांच्या पद्धतीत दोनच जेवणं, प्रत्येक 55 मिनिटांच्या आत. मधल्या वेळी खाऊ की नको हा प्रश्नच उरत नाही. तिचं बळ मला तिथेच दिसतं. (मधुमेहाची औषधं चालू असणाऱ्यांनी मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय जेवणाच्या वेळा बदलू नयेत.) दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे: वापरून वापरून मनाचा ताबा संपतो, ही कल्पना 2016 मध्ये 23 प्रयोगशाळांनी मिळून तपासली तेव्हा जवळजवळ टिकलीच नाही. म्हणून मी तिचा आधार घेत नाही. मला त्याहून महत्त्वाचा वाटतो तो 2012 मधला प्रयोग. डाएट करणाऱ्यांचं मन मुद्दाम खिन्न केलं, तेव्हा खाण्याची चित्रं पाहून त्यांच्या मेंदूची ओढ वाढली. पथ्य मोडल्यावर घरातून आलेला टोमणा त्या माणसाच्या मनाला याहून वेगळं काय करत असेल?