‘थांबा’ म्हणणाऱ्याला बळ द्या

ओएनजीसीच्या संचालक मंडळास,


१९७४च्या फेब्रुवारीत ‘सागर सम्राट’ या तेलविहीर खोदणाऱ्या रिगला मुंबईपासून सुमारे १६० किलोमीटरवर भर समुद्रात तेल लागलं. तेव्हापासून मुंबई हाय हे तेलक्षेत्र तुमची मालमत्ता आहे, तसा आमचा अभिमानही. त्या अभिमानातूनच हे पत्र लिहितो आहे. तुमच्याकडे सुरक्षेचे नियम कमी आहेत, असं मला म्हणायचं नाही. माझा प्रश्न एवढाच आहे की काम थांबवायची वेळ येते तेव्हा ‘थांबा’ म्हणायचं कुणी, आणि म्हटल्यावर त्या माणसाची रोजीरोटी शाबूत राहते का?

२७ जुलै २००५चा दिवस आठवा. आदल्या दिवशी सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला होता. हवा खराब, हेलिकॉप्टरं जमिनीवर. ‘समुद्र सुरक्षा’ या तुमच्या नौकेवरच्या एका आचाऱ्याची बोटं कापली, म्हणून त्याला उपचारासाठी मुंबई हाय नॉर्थ प्लॅटफॉर्मवर चढवायचं ठरलं. वाऱ्याच्या आडोशाकडची क्रेन बंद होती, तेव्हा नौका वाऱ्याच्या बाजूने आणली गेली. तिच्या थ्रस्टर्सच्या संगणकी नियंत्रणात अडचण होती, तेव्हा ती हाताने चालवत आणली. आचारी बास्केटमधून वर पोचला. नौका मागे हटताना लाटेने उचलली गेली आणि तिचं हेलिडेक रायझरवर आदळलं. समुद्रतळाच्या पाइपलाइनला प्लॅटफॉर्मशी जोडणारा हा उभा पाइप, आत दाबाखालचा वायू. बघता बघता आग भडकली आणि साधारण दोन तासांत अख्खा प्लॅटफॉर्म समुद्रात गेला. प्लॅटफॉर्म, शेजारची रिग आणि नौका मिळून ३८४ माणसं होती. २२ गेली. आठ लाइफबोटींपैकी दोनच पाण्यात उतरवता आल्या. नौकेवरच्या दाबकक्षात अडकलेल्या सहा पाणबुड्यांची सुटका व्हायला दीड दिवस लागला. त्या दीड दिवसाचा विचार केला की आजही अंगावर काटा येतो.

यातला एकेक निर्णय सुटा पाहिला तर माणुसकीचाच वाटतो. जखमी माणसाला ताटकळत कसं ठेवायचं? पण क्रेन बंद, नियंत्रण डळमळीत आणि समुद्र खवळलेला, हे तिन्ही एकाच वेळी समोर असताना कुणी खलाशी म्हणाला असता, ‘आज नको, हवा निवळेपर्यंत इथेच पट्टी बांधून ठेवू’, तर त्याचं ऐकलं गेलं असतं?

हा प्रश्न तुमच्या एकट्याचा नाही. उत्तर समुद्रात ६ जुलै १९८८ रोजी पायपर अल्फा या तेल-वायू प्लॅटफॉर्मवर आगीत १६७ जणांचा बळी गेला. प्लॅटफॉर्म पेटल्यावरही शेजारच्या टार्टन आणि क्लेमोर या प्लॅटफॉर्मवरून त्याच पाइपलाइनींमध्ये तेल-वायू सोडणं चालूच राहिलं, कारण वरिष्ठांच्या होकाराशिवाय उत्पादन बंद करायला तिथले अधिकारी धजले नाहीत. लॉर्ड कलन यांच्या चौकशी अहवालात १०६ शिफारशी होत्या. तो अहवाल छापून सर्वांपुढे ठेवला गेला, म्हणून आज मी हे लिहू शकतो.

आपल्याकडे २००८मध्ये समुद्रातल्या तेल-वायू कामांसाठी सुरक्षा नियम आले आणि देखरेख तेल उद्योग सुरक्षा संचालनालयाकडे (ओआयएसडी) गेली. तरीही मे २०२१ उजाडला. तौक्ते वादळाचा इशारा हवामान खात्याने काही दिवस आधी दिला होता. तुमच्या कामावरची पी-३०५ ही बार्ज मात्र बंदरात परतली नाही, प्लॅटफॉर्मपासून थोडी बाजूला होऊन नांगरून राहिली. नांगर सुटले, ती भरकटली आणि १७ मे रोजी बुडाली. तिच्यावर २६१ माणसं होती. नौदलाने त्या समुद्रातून बरीचशी जिवंत काढली, पण ७०हून अधिक जण घरी परतले नाहीत.

बार्ज एकाची, काम दुसऱ्याचं, तेलक्षेत्र तुमचं, आणि वेल्डर बहुतेकदा चौथ्याच कुणाच्या हजेरीवर. पावसाळा तोंडावर आलेला असतो. आत्ता उरकलं नाही तर काम पावसाळा संपेपर्यंत लांबणार. अशा वेळी परत फिरण्याचा एकेक दिवस कुणाच्या तरी पैशातून जातो. तो कुणाच्या, हे करारात लिहिलेलं असतं आणि बार्जवरच्या प्रत्येकाला ते न वाचताही ठाऊक असतं. सुरक्षा कार्डावर काहीही छापा, हवेचा धोका पत्करायचा की नाही हे ठरतं त्या कलमाने. इथे कंत्राटदारावर बोट दाखवून तुम्हाला मोकळं होता येणार नाही. निविदा तुम्ही काढता.

म्हणून माझं मागणं साधं आहे. वादळाचा इशारा आल्यावर बंदरात परतलेल्या दिवसांचं भाडं तुम्ही द्या, आणि तसं करारात लिहा. बार्जच्या कॅप्टनचा परतण्याचा निर्णय किनाऱ्यावरून कुणालाही फिरवता येऊ नये. काम थांबवणाऱ्या कामगाराला पुढच्या फेरीत वगळलं जात नाही ना, याची नोंद तुमच्या स्वतःच्या माणसांनी ठेवावी, कंत्राटदाराच्या नव्हे. आणि मुंबई हाय नॉर्थ, पी-३०५, तसंच ३ सप्टेंबर २०१९ रोजी तुमच्या उरणच्या प्रकल्पात चार जणांचा जीव घेणारी आग, या तिन्हींचे चौकशी अहवाल मराठी-हिंदीत, कुणालाही वाचता येतील असे खुले ठेवा. उरणला गेलेल्यांपैकी तिघे आग विझवायला धावलेले सीआयएसएफचे जवान होते. त्यांच्या घरच्यांना कारण कळण्यासाठी माहितीच्या अधिकाराचा अर्ज करावा लागू नये.

पुढच्या हंगामाच्या निविदांमध्ये हवामानाचं कलम काय असेल, ते जाहीर करावं ही विनंती. उत्तराची वाट पाहतो आहे.

कळावे,
रायगड किनाऱ्यावरचा एक रहिवासी